कार्ल शुर्त्स: उसन्या भाषेत देशाला सुनावणारा संपादक

दौत-टाक

मॅनहॅटनच्या पूर्व कडेला, ईस्ट नदीच्या काठावर एक बाग आहे. शहराच्या महापौरांचा बंगलाही तिथेच आहे. आम्ही जवळ राहायला आलो तेव्हा पहिले सहा महिने मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे आणि फाटकावरचं नाव वाचायचे, कार्ल शुर्त्स. हा कोण, असं कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. नाशिकला बारा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली होती. मथळा बसत नसेल तर रात्री साडेअकराला दोन शब्द काढून तो बसवायचा, हे माझं काम. आणि इथे मुलीच्या शाळेला चार ओळींची ई-मेल लिहायला अर्धा तास लागत होता. सुताराच्या हातातून पटाशी काढून घ्यावी तसं झालं होतं.

मग वाचनालयात त्याच्या आठवणींचे तीन खंड हाती लागले. पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच कळलं की तो भाग त्याने आधी जर्मनमध्ये लिहिला. बालपण आणि तरुणपण जर्मनमध्ये घडलं, म्हणून ते जर्मनमध्येच सांगितलं. त्या एका गोष्टीने मी त्याच्या मागे लागले. गेली दोन वर्षं जमेल तसं वाचते आहे, ते इथे मांडते.

जन्म 2 मार्च 1829, कोलोनजवळच्या लिब्लार गावात. वडील शाळामास्तर. बॉन विद्यापीठात शिकत असताना 1848 ची क्रांती आली. त्याचे प्राध्यापक गोटफ्रीड किंकेल हे कवी आणि लोकशाहीवादी. त्यांच्या वर्तमानपत्रात तो एकोणिसाव्या वर्षी लिहायला लागला. क्रांती दडपली जाऊ लागली तेव्हा त्याने बंदूक घेतली आणि 1849 च्या जुलैमध्ये बाडेनमधल्या राश्टाट किल्ल्यात अडकला. बाहेर प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्याचा वेढा. हा स्वतः प्रशियाचा प्रजाजन, म्हणजे हाती लागला तर गोळी ठरलेली. किल्ला शरण गेला त्या दिवशी तो दोन साथीदारांबरोबर गटारात उतरला. पहिल्या वेळी पुढे लोखंडी जाळी आणि पहारा, म्हणून परत फिरावं लागलं. काही दिवस एका माळ्यावर उपाशी लपून काढले, खाली सैनिकांचा तळ. दुसऱ्या वेळी त्याच गटारातून बाहेर पडून ऱ्हाइन ओलांडली आणि फ्रान्स गाठलं.

इथे थांबला असता तर एक सुटलेला पोरगा, एवढीच ओळख राहिली असती. पण किंकेल पकडले गेले होते. जन्मठेप झाली होती आणि बर्लिनजवळच्या श्पांडाऊच्या तुरुंगात त्यांना लोकर कातायला बसवलं होतं. शुर्त्स खोट्या पासपोर्टवर परत गेला. ज्या देशात त्याच्या नावाचं वॉरंट होतं तिथे कित्येक महिने राहिला, पैसे जमवले, ब्रूने नावाच्या पहारेकऱ्याला वश केलं, आणि 6 नोव्हेंबर 1850 च्या रात्री किंकेलना तुरुंगाच्या छपराजवळच्या खिडकीतून दोराने खाली उतरवलं. घोडागाडीने रोस्टॉकपर्यंत, तिथून शिडाच्या जहाजाने स्कॉटलंडला. वय तेव्हा एकवीस. युरोपभर त्याचं नाव झालं.

1852 मध्ये लंडनला हॅम्बुर्गच्या मार्गारेथे मायरशी लग्न केलं आणि त्याच वर्षी दोघं न्यू यॉर्कला उतरली. इंग्रजी जवळजवळ नव्हतीच. पुढचा भाग मी चार वेळा वाचला आहे. तो फिलाडेल्फियाचं एक दैनिक घेऊन बसायचा आणि रोज अग्रलेख, बातम्या, पत्रव्यवहार, जमेल तेवढ्या जाहिराती असं सगळं वाचायचा. कळला नाही असा एकही शब्द शब्दकोशात पाहिल्याशिवाय सोडायचा नाही. मग कादंबऱ्या, मग मेकॉले, मग कायद्याची पुस्तकं. शेवटी अठराव्या शतकातली ज्युनियसची इंग्रजी पत्रं घेऊन ती जर्मनमध्ये उतरवायची, मूळ बाजूला ठेवायचं, आपल्या जर्मनवरून परत इंग्रजी करायची आणि मुळाशी ताडून पाहायची. हातातलं हत्यार गेलं म्हणून रडत न बसता त्याने नवं हत्यार घासून काढलं. मीसुद्धा हे सुरू केलं आहे, इथल्या दैनिकाचा अग्रलेख रोज मराठीत आणि परत.

सहा-सात वर्षांत काय फळ आलं पाहा. विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला घर केलं, गुलामगिरीविरोधी रिपब्लिकन पक्षात गेला. 1858 मध्ये लिंकन सिनेटच्या निवडणुकीत डग्लसशी लढत होते, तेव्हा हा इलिनॉयमध्ये त्यांच्यासाठी भाषणं करत होता, जर्मनमध्येही आणि इंग्रजीतही. 1859 च्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये उभा राहून त्याने तिथेच जन्मलेल्या अमेरिकनांना सांगितलं की परदेशातून आलेल्यांचे हक्क कापणं हे तुमच्याच तत्त्वांशी प्रतारणा आहे. सात वर्षांपूर्वी आलेला माणूस त्यांच्याच भाषेत त्यांच्याच सभागृहात हे बोलतो! लिंकन अध्यक्ष झाल्यावर स्पेनला राजदूत म्हणून पाठवलं. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांशी यादवी युद्ध पेटलं तेव्हा माद्रिदहून त्याने कळवलं की हे युद्ध गुलामगिरीविरुद्ध आहे असं उघड म्हणा, मग युरोपातलं कोणतंही सरकार दक्षिणेच्या बाजूने उभं राहू धजणार नाही. मग राजदूतपद सोडून सैन्यात आला, मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत गेला.

चान्सलर्सव्हिलच्या लढाईत, मे 1863 मध्ये, त्याची तुकडी असलेल्या अकराव्या कोअरची उजवी बाजू उघडी होती. त्याने वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं. ऐकलं नाही. दक्षिणेचा सेनापती जॅक्सन याचा हल्ला बरोबर तिथूनच आला, कोअर मोडली आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रं लिहू लागली की जर्मन पळाले. चूक सेनापतीची, बट्टा परक्या आडनावांना. त्याने आपला अहवाल छापण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. चौकशी मागितली, तीही नाही. परक्या देशात राहणाऱ्या कुणालाही हे पान सहज वाचून पुढे जाता येणार नाही.

युद्ध संपल्यावरचं त्याचं काम मला सर्वांत मोठं वाटतं. 1865 च्या उन्हाळ्यात अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याला दक्षिणेची पाहणी करायला पाठवलं. साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना असा तो जुलैपासून सप्टेंबरपर्यंत फिरला. अधिकाऱ्यांना, मळेवाल्यांना, नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांना भेटला, कागदपत्रं गोळा केली. निष्कर्ष स्पष्ट होता: गुलामगिरी कायद्याने गेली, मालकांच्या मनातून नाही. मुक्त झालेल्यांना मत दिलं नाही तर ती दुसऱ्या नावाने परत येईल. जॉन्सनना हे नको होतं. परत आल्यावर त्यांनी त्याला कोरडेपणाने वाटेला लावलं. पण सिनेटने तो अहवाल मागवला आणि छापला. बातमीदाराने प्रत्यक्ष जाऊन, पाहून, जोडपत्रांसह लिहिलेली बातमी कशी असते ते पाहायचं असेल तर तो अहवाल वाचा.

पुढे न्यू यॉर्क ट्रिब्यूनचा वॉशिंग्टनमधला वार्ताहर, डेट्रॉइटला संपादक, मग सेंट लुइसच्या 'वेस्टलिख पोस्ट' या जर्मन दैनिकाचा सहसंपादक आणि भागीदार. 1869 मध्ये मिसूरीतून सिनेटवर गेला. जर्मनीत जन्मून अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेलेला तो पहिला. 29 फेब्रुवारी 1872 ला 'माझा देश, बरोबर असो वा चूक' हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकण्यात आलं, तेव्हा त्याने ते पुरं केलं: बरोबर असेल तर बरोबर ठेवायचा, आणि चूक असेल तर बरोबर करायचा.

प्रतिसादांची वाट पाहते. विशेषतः परदेशात राहून लिहिणाऱ्यांचे.

कोलोनकर

ताई, फार मनापासून लिहिलं आहे. मी कोलोनला राहतो, लिब्लार इथून लोकल गाडीच्या अंतरावर आहे, आता एर्फ्टश्टाट या नगरपालिकेत मोडतं. ग्राख्त नावाची पाण्याने वेढलेली गढी आहे, तिथे त्याचा जन्म झाला. आजोबा त्या जहागिरीची शेती खंडाने करायचे. म्हणजे नातू उमरावाच्या आवारात वाढला, पण उमराव नव्हता. 1848 समजून घ्यायला ही गोष्ट उपयोगी पडते.

उच्चाराबद्दल: 'शुर्त्स' बरोबर आहे. अमेरिकेत वेगळं म्हणतात.

एक भर घालतो. 1848 नंतर जर्मनीतून गेलेल्या या लोकांना 'अठ्ठेचाळीसवाले' म्हणतात. त्यात डॉक्टर, वकील, शिक्षक, छापखानेवाले खूप. अमेरिकेत जिथे जिथे ते गेले तिथे आधी वर्तमानपत्र निघालं. आपल्याकडे चार मराठी माणसं जमली की गणपती बसतो, तसं. आणि 1868 मध्ये हाच माणूस जर्मनीत आला तेव्हा प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने त्याला बोलावून घेतलं, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारल्या, किंकेलच्या सुटकेची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकली. ज्याला अठरा वर्षांपूर्वी त्याच राज्याने गोळी घातली असती, त्याला.

पाटीपुस्तक

मार्गारेथेबद्दल एका ओळीत आटपलंत, म्हणून मी लिहिते. मी बालवाडीत शिकवते आणि आमच्या प्रशिक्षणात तिचं नाव येतं.

हॅम्बुर्गमध्ये तिने किंडरगार्टनचे जनक फ्रोबेल यांच्याकडून बालशिक्षण समजून घेतलं होतं. वॉटरटाउनला 1856 मध्ये तिने आपली मुलगी आगाथे आणि नातलगांची काही मुलं घेऊन घरातच वर्ग सुरू केला. गाणी, खेळ, हातकाम, सगळं जर्मनमध्ये. अमेरिकेतली पहिली किंडरगार्टन ती हीच मानतात. पुढे 1859 मध्ये बोस्टनला शिक्षिका एलिझाबेथ पीबडी यांनी छोट्या आगाथेला पाहिलं, ही मुलगी इतकी वेगळी कशी असं विचारलं, आणि मार्गारेथेने फ्रोबेलची पद्धत समजावून सांगितली. पीबडींनी लगेच पुढच्या वर्षी बोस्टनला इंग्रजी किंडरगार्टन काढली. घराच्या बैठकीतला वर्ग देशभर पोचला तो असा.

मार्गारेथे 1876 मध्ये बाळंतपणानंतर गेली. वय बेचाळीस. नवरा मंत्री झालेला तिने पाहिला नाही.

चहाचा टपरीवाला

पुलित्झर पुरस्कारवाला पुलित्झर याच्याच हाताखाली होता ना? त्याबद्दल लिहा की.

दौत-टाक

@पाटीपुस्तक, अगदी बरोबर धरलंत. आगाथेची गोष्ट मला माहीत नव्हती. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

@चहाचा टपरीवाला, हो. जोसेफ पुलित्झर हंगेरीहून आलेला, इंग्रजी कच्ची, जर्मन चांगली. सेंट लुइसच्या मर्कंटाइल वाचनालयात बुद्धिबळाची खोली होती, तिथे शुर्त्स आणि त्याचे भागीदार एमिल प्रेटोरियस यांच्याशी ओळख झाली असं सांगतात. 1868 मध्ये त्याला 'वेस्टलिख पोस्ट'मध्ये बातमीदार म्हणून घेतलं. म्हणजे अमेरिकन वृत्तपत्रांचा चेहरा बदलणाऱ्या माणसाचा बातमीदार म्हणून पहिला पगार जर्मन भाषेतल्या बातम्यांवर झाला. इथली भाषिक वर्तमानपत्रं म्हणजे जुन्या देशाची आठवण काढायची जागा, असं मी समजत होते. पण ती नव्या देशात शिरायचा दरवाजा होती. निवडणूक कशी होते, जमीन कशी घ्यायची, मत कुणाला द्यायचं, हे सगळं शेतकऱ्याला त्याच्या भाषेत तिथे कळायचं.

सांगलीकर

लेख आवडला, पण 1872 ला थांबलात म्हणून थोडं कडू लिहितो. राग मानू नये.

ज्या माणसाने 1865 मध्ये ते सगळं डोळ्यांनी पाहिलं, तोच माणूस 1871 मध्ये कु क्लक्स क्लॅन या काळ्या लोकांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेविरुद्धच्या कायद्याच्या विरोधात उभा राहिला. 1872 च्या जानेवारीत दक्षिणेच्या बंडखोर पुढाऱ्यांना सरसकट माफी द्या म्हणून भाषण केलं. 1875 मध्ये लुइझियानाच्या विधानसभेत केंद्राचे सैनिक शिरले तेव्हा त्यावर तुटून पडला. घटनेचे मुद्दे बरोबर असतील. पण सैनिक निघाले की काळ्या माणसांचं काय होणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याचाच अहवाल त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहतो. अध्यक्ष ग्रँटच्या काळातला भ्रष्टाचार त्याला इतका खुपला की त्यापुढे ती माणसं दिसेनाशी झाली. कॅरिबियन समुद्रातलं सँटो डोमिंगो अमेरिकेला जोडू नये हा त्याचा आग्रह साम्राज्यविरोधी म्हणून गौरवला जातो, पण त्या भाषणात उष्ण प्रदेशातली माणसं लोकशाहीला लायक नाहीत असा सूर आहे. आपण उष्ण प्रदेशातलेच.

एक तारीख मनात येते. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. पुण्यातून जोतीराव ज्यांच्याकडे पाहत होते त्यांत शुर्त्ससारखेच लोक आले. आणि नेमक्या त्याच वर्षांत हे लोक हात काढून घेत होते. पुण्यात ते कळण्याचा मार्ग नव्हता. मला दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की अस्वस्थ व्हायला होतं.

काळी माती

सांगलीकरांशी सहमत. त्यापुढचं मी सांगते, कारण माझं काम विस्थापितांमध्ये आहे आणि हे प्रकरण आम्ही आमच्या अभ्यासवर्गात घेतो.

1877 ते 1881 शुर्त्स अमेरिकेचा गृहखात्याचा मंत्री होता, अध्यक्ष हेझ यांच्या मंत्रिमंडळात. तिथलं हे खातं म्हणजे पोलीस नव्हे. जमिनी, जंगलं आणि आदिवासी जमाती त्याच्याकडे. पोंका ही नेब्रास्काकडची लहान जमात, नायोब्रारा नदीकाठची, शेती करणारी, अमेरिकेशी कधी न लढलेली. 1868 च्या तहात सरकारने चुकून त्यांचीच जमीन सू नावाच्या दुसऱ्या जमातीला देऊन टाकली. चूक दुरुस्त करण्याऐवजी पोंकांनाच हलवायचं ठरलं. निर्णय आधीच्या सरकारचा, पण 1877 मध्ये त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेलं ते शुर्त्सच्या खात्याने. नवी हवा, हिवताप, घरं नाहीत. माणसं पटापट मेली. प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगा मरण पावला. आपल्या पूर्वजांच्या मातीत पुरा, एवढं त्याने मागितलं होतं. 1879 च्या जानेवारीत बाप मुलाची हाडं घेऊन, तीसेक माणसांबरोबर कडाक्याच्या थंडीत उत्तरेला चालत निघाला. शुर्त्सच्या खात्याच्या हुकमाने त्यांना अटक झाली.

त्यांना सोडवलं कुणी? ओमाहाच्या एका वर्तमानपत्राचे सहायक संपादक थॉमस टिबल्स यांनी. त्यांनी रात्रभर तारा पाठवल्या, वकील मिळवले, प्रकरण कोर्टात नेलं. 12 मे 1879 ला न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या अर्थाने इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळ आदिवासी) हा 'माणूस' आहे आणि त्याला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येते.

तुमचा संपादक त्या दिवशी कोर्टात दुसऱ्या बाजूला होता, ताई.

वनराई

काळी मातींनी लिहिलेलं नाकारता येत नाही. पण त्याच खात्यातली दुसरी बाजू, मी वनखात्यात नोकरी केली म्हणून. सरकारी जमिनीवरची जंगलं तेव्हा लाकूड कंपन्या राजरोस तोडून न्यायच्या. शुर्त्सने 1877 च्या पहिल्याच वार्षिक अहवालात लिहिलं की हे असंच चाललं तर देश लाकडाला महाग होईल. चोरट्या तोडीवर खटले भरले. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, त्याला प्रशियन कल्पना आणतो म्हणून झोडपलं. प्रशियात जंगल राखून कापायची रीत होती, ती त्याने लहानपणी पाहिली होती. परदेशातून आलेला माणूस कधीकधी असंही काही बरोबर आणतो जे इथल्यांना सुचलेलं नसतं.

नोकरभरतीतही तेच. वशिल्याऐवजी परीक्षा, आणि चौकशीशिवाय बडतर्फी नाही, हे त्याने आपल्या खात्यात सुरू केलं. देशभराचा कायदा 1883 मध्ये आला, तोसुद्धा अध्यक्ष गारफील्ड यांना एका नोकरी न मिळालेल्या माणसाने गोळी घातल्यावर.

कोलोनकर

पोंका प्रकरणात एवढं नोंदवावंसं वाटतं की अन्याय झाला हे शुर्त्सने स्वतः मान्य केलं. जमाती लष्कराच्या ताब्यात द्यायची मागणी होती, तीही त्याने रोखली.

काळी माती

@कोलोनकर, मान्य केलं, हो. पण परत पाठवलं नाही. एकाला परतू दिलं तर बाकीच्या जमातीही निघतील, ही भीती. लेखिका हेलन हंट जॅक्सन यांनी वर्तमानपत्रांतून त्याला जाहीर जाब विचारला तेव्हा त्याने सभ्य, मुद्देसूद, लांब उत्तरं लिहिली. ती वाचली की मला आपल्याकडच्या धरणाच्या फायली आठवतात. चूक झाली, नुकसानभरपाई देऊ, पण आता मागे फिरता येत नाही. आणि आदिवासी मुलांना घरापासून तोडून 'सुधारणाऱ्या' कार्लाइलच्या निवासी शाळेला 1879 मध्ये परवानगी मिळाली तीही त्याच्याच कारकिर्दीत. स्वतःची भाषा आयुष्यभर जपणाऱ्या माणसाच्या सहीने.

दौत-टाक

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काळी मातींचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

1897 मध्ये न्यू यॉर्कच्या एका जर्मन गायनमंडळात त्याने मातृभाषेवर भाषण केलं होतं. इंग्रजी शिकलीच पाहिजे, पण त्यासाठी जर्मन टाकावी लागत नाही, घरात ती बोला, मुलांना द्या, असा त्याचा आग्रह. मी ते छापून मुलीच्या टेबलाशी लावलं होतं. आता ते वाचताना कार्लाइलची मुलं दिसतात, केस कापलेली, आपल्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा झालेली. कागद काढलेला नाही. पण मुलीला शेजारी बसवून दुसरी गोष्टही सांगितली. ती दहा वर्षांची आहे. तिने विचारलं, त्याला हे कळलं नाही का? मी म्हटलं, कळायला हवं होतं.

सांगलीकर, राग कशाला मानू? मी 1872 ला थांबले कारण मला तिथेच थांबायचं होतं. हे डेस्कवर कुणी केलं असतं तर मी कॉपी परत पाठवली असती.

तरी त्याचा शेवट सांगायला हवा. मंत्रिपदानंतर न्यू यॉर्कला 'ईव्हिनिंग पोस्ट'चा संपादक झाला, पुढे 1892 पासून 'हार्पर्स वीकली'साठी अग्रलेख लिहू लागला. याच साप्ताहिकात पूर्वी टॉमस नास्टने, तोही जर्मनीत जन्मलेला, व्यंगचित्रांतून त्याची वर्षानुवर्षं रेवडी उडवली होती. 1898 मध्ये स्पेनशी युद्ध झालं, फिलिपिन्स घ्यायची टूम निघाली. शुर्त्सने विरोध केला आणि त्याच वर्षी त्याचं ते अग्रलेखांचं काम सुटलं. 1899 मध्ये शिकागोच्या साम्राज्यविरोधी परिषदेत, सत्तरीत, त्याने तेच 1872 चं वाक्य परत म्हटलं. देश चुकतो आहे असं वाटलं की पक्ष सोडायचा, नोकरी सोडायची, हे त्याने तीन-चार वेळा केलं. 14 मे 1906 ला न्यू यॉर्कमध्ये गेला.

मॉर्निंगसाइड ड्राइव्हवर त्याचा कार्ल बिटर यांनी केलेला ब्राँझचा पुतळा आहे, 1913 चा. खाली कोरलंय की हा स्वातंत्र्याचा रक्षक आणि मानवी हक्कांचा मित्र. मागच्या रविवारी तिथे जाऊन आले. वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये नेब्रास्का राज्याने 2019 मध्ये स्टँडिंग बेअर यांचा पुतळा बसवला आहे, तो अजून पाहिलेला नाही. पुढच्या महिन्यात मुलीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. दोन्ही फोटो याच धाग्यावर टाकेन. काळी माती, त्या निकालाचा मराठी अनुवाद करायला घेतला आहे, झाला की आधी तुमच्याकडे पाठवते. तुमच्या अभ्यासवर्गात वाचून कुठे अडतंय ते सांगा.